तेऱ्याच्या सुया

मास्तरांच्या घरी भाडेकरूला आंघोळीचं गरम पाणी कधी मिळणार, हे अळवावर ठरायचं. म्हणजे खरं तर तेऱ्यावर. तेरं म्हणजे आपल्याकडे पागोळीखाली, गटाराच्या कडेला आपोआप उगवतं ते रानटी अळू. नुसता हात लावला तरी खाज सुटते. मास्तरांनी सकाळी तेऱ्याचा देठ मोडला, की समजायचं, आज बंबातलं पाणी प्रयोगाला जाणार. मग आंघोळ एकतर साडेपाचला उरकून घ्या, नाहीतर कामावरून आल्यावर करा. मी एकदा चिडून म्हटलंसुद्धा, की मास्तर, भाडं मी देते, तेरं देत नाही. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "तू एक तारखेला देतेस. ते रोज देतं." अशा माणसाशी काय भांडायचं?

श्रीवर्धनच्या अलीकडे समुद्राकाठी एक गाव आहे, तिथल्या सरकारी दवाखान्यात मी रक्त तपासायच्या कामाला होते. तीन वर्षं मास्तरांच्या घरात राहिले. त्यातली निम्मी त्यांच्यावर चिडण्यात गेली आणि निम्मी त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसण्यात. आज मला त्या चिडण्याचीसुद्धा आठवण येते. आता माझ्या घरी गीझर आहे, बटण दाबलं की पाणी येतं, आणि चिडायला कोणी नाही.

खोली बघायला मी आणि माझी आई गेलो होतो. आम्ही माणगावकडचे, भाताची शेती करणारे. आईने वाटेत मला चारदा बजावलं होतं, की जात विचारतील, पगार विचारतील, नीट उत्तरं दे. मास्तरांनी काहीच विचारलं नाही. मी रक्ताच्या काचा बघते म्हटल्यावर त्यांनी मला हाताला धरून आत नेलं आणि सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. शाळेने मोडीत काढलेला तो सूक्ष्मदर्शक त्यांनी घरी आणून दुरुस्त केला होता. काय दिसतंय, म्हणाले. मी म्हटलं, सुया. किती? मी मोजून सांगितलं, कामच ते माझं. सगळ्या कशाही पडल्या आहेत की एका दिशेला तोंड करून आहेत? मी परत बघितलं आणि म्हटलं, बऱ्याचशा एका दिशेला आहेत. तेव्हा ते आईकडे वळले आणि म्हणाले, तुमची मुलगी बघते; लोक नुसतं बघितल्यासारखं करतात; राहू दे हिला. बाहेर पडल्यावर आईने एकदा वळून घराकडे बघितलं. मग म्हणाली, "ह्यो मानूस येडा हाय, पन वाईट न्हाय. ऱ्हा तू हितं." आईचा अंदाज सहसा चुकत नाही.

मास्तर उंच, काटकुळे आणि मानेत किंचित वाकलेले. ते शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरामागे नारळी-पोफळीची वाडी होती. कमरेला पंचा, अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात कायम दोन-तीन आमसुलं. प्रत्येक सदऱ्याच्या खिशावर जांभळा डाग, धुऊन न जाणारा. आमसुलं कशाला, तर रोज सकाळी तेऱ्याचा देठ मोडला की ते त्याचा रस आधी जिभेच्या टोकाला लावायचे. डोळ्यांत पाणी यायचं, नाक लाल व्हायचं. मग समाधानाने म्हणायचे, "खाज चांगली आहे." आणि आमसूल तोंडात टाकायचे. गावात त्यांना खाजरे मास्तर म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती.

तेऱ्याची खाज येते ती त्यातल्या सुयांमुळे. डोळ्याला न दिसणाऱ्या, दोन्ही टोकांना अणकुचीदार अशा स्फटिकांच्या सुया असतात त्या. आपण भाजीत चिंच घालतो ती त्यांच्यासाठीच. मास्तर देठ ठेचून, पंचाच्या धुवट फडक्यातून गाळून, पाणी दोन दिवस निवळत ठेवत. जाड सुया खाली बसत, आणि वरच्या गढूळशा पाण्यात अगदी बारीक तेवढ्या उरत. त्यातला एक थेंब दोन काचांच्या मधल्या केसाएवढ्या फटीत सोडायचा. काचेच्या एका कडेला तांब्याची नळी, तिच्यातून बंबाचं कढत पाणी फिरतंय. दुसऱ्या कडेला बर्फ. मध्ये थेंब, थेंबात सुया. आणि मग बसायचं बघत.

बघायचं काय, तर सुया कुठे जातात ते. पाणी स्थिर, वारा नाही, कोणी ढकलत नाही, तरी बारीक कण आपले आपण ऊब सोडून गारव्याकडे सरकतात. असं का होतं, म्हणून त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं. मी म्हटलं, उकडत असेल. ते इतके खूश झाले की त्या दिवशी मला आंघोळीला पाणी मिळालं. म्हणाले, मोठमोठी माणसं हेच सांगतात, फक्त गणितात सांगतात. कणाच्या अंगाला चिकटून पाण्याचा एक पातळ थर असतो, त्याची एक बाजू गरम आणि एक गार झाली की तो थर कणाच्या अंगावरून हळूच घसरतो आणि कण पुढे जातो. फार हळू. तासाभरात केसाच्या जाडीएवढं. म्हणून चार तास बसायचं, तेव्हा चार केस.

"गोल कण असला तर सोपं," ते सांगायचे. गोलाला तोंड नाही, पाठ नाही, तो सरकला की सरकला. सुईचं तसं नसतं. ती आधी वळते, अंगाची लांबी ऊब आणि गारव्याच्या वाटेला लावून घेते, आणि मग निघते. कधी सरळ, कधी तिरपी. आधी वळणं, मग जाणं. हे ते इतक्या वेळा बोलले असतील, की मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

माणसांचीही त्यांनी अशीच वाटणी केली होती. पोस्टमन गोल, ग्रामसेवक गोल, देवळातले गुरव तर अगदीच गोल. ही माणसं कुठेही लोळत जातात, म्हणायचे, त्यांना त्रास नाही. स्वतःला ते सुई समजायचे. बंदरावरची कोळीण, जिच्याकडून ते बर्फ आणत, तीही सुई. मी कोण, असं मी एकदा विचारलं. बराच विचार करून म्हणाले, "तू अजून पाण्यात विरघळलेलं मीठ आहेस. तुझा कण व्हायचाय." दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

बर्फाचीही एक गंमतच होती. गारवा हवा म्हणून मास्तर रोज सकाळी स्टीलचा डबा घेऊन बंदरावर जायचे. होड्या लागलेल्या, मासळीचे ढीग पडलेले, आणि त्यातून हे पंचा सावरत बर्फाच्या ढिगापाशी. ती कोळीण मोठ्या तोंडाची. "काय ओ मास्तर, आज पन निस्ता बरफ? म्हावरा कवा न्यायचा?" हे ती रोज विचारायची, आणि मास्तर रोज नव्याने विचार केल्यासारखं करून म्हणायचे, बघू. सोवळ्यातलं घर आणि डब्याला बोंबलाचा वास! आळीत बोलवा झाली, की मास्तर म्हातारपणी चोरून मासे खायला लागले. मी म्हटलं, अहो सांगा ना लोकांना. ते म्हणाले, कशाला, त्यांना बोलायला विषय मिळालाय. एकदा बर्फाबरोबर बांगड्याचा खवला आला, तो त्यांनी टाकला नाही. काचेखाली ठेवून मला दाखवला आणि संध्याकाळपर्यंत दर तासाला एकदा जाऊन बघत राहिले.

एवढा विसराळू माणूस नोंदीच्या बाबतीत मात्र फार कडक. वहीत उभ्या रेघा मारलेल्या, वेळ, दोन्ही कडांचं तापमान, किती सुया गारव्याकडे, किती उबेकडे. मध्येच शिंक आली, की नोंद रद्द. ओट्यावर मांजर चढलं, नोंद रद्द. एकदा मी कुकर लावला आणि शिट्टी झाली, तर चार तासांची नोंद आडवी रेघ मारून रद्द. मला कपाळावर हात मारायची वेळ आली. आणि पाणी! विहिरीचं पाणी समुद्राजवळ असल्यामुळे मचूळ, म्हणून प्रयोगाला फक्त पावसाचं पाणी. पागोळीखाली बाटल्या लावून भरून ठेवलेलं, प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी, आषाढ, श्रावण, भाद्रपद. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दम भरला होता. पाण्यात चिमूटभर मीठ गेलं किंवा काचेला थेंबभर आंबट लागलं, तरी सुयांचं पाण्याशी असलेलं सगळं नातं बदलतं, त्या उलट्याही फिरू शकतात. काच धुवायची ती पावसाच्या पाण्याने, तीनदा, दुसऱ्या कशाने नाही. मी हो हो म्हटलं. हो हो म्हणण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

त्या वहीत समासात एक जास्तीचा आकडा असायचा. रोज सकाळी मास्तर मला म्हणायचे, "तिकडे आज किती आहे बघ गो." मी मोबाईलवर एका परदेशी शहराचं तापमान बघायचे आणि सांगायचे, सात. किंवा चार. किंवा उणे दोन. ते समासात लिहायचे. मला सुरुवातीला वाटलं, हेही प्रयोगातलंच काही असेल.

मी राहत होते ती खोली त्यांच्या मुलीची होती. दाराच्या मागे भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेले बारीक आकडे होते, शाळेत असताना तिने घेतलेल्या तापमानाच्या नोंदी. मास्तर तिला बाय म्हणायचे. बाय हुशार. शिकता शिकता परदेशात गेली आणि तिथेही हेच शिकायला लागली, पाण्यातले लांबट कण आणि उष्णता. ती परत येणार म्हणून मास्तरांनी मागची नारळाची खोली रिकामी केली, फरशी घातली, आणि सूक्ष्मदर्शकासाठी एक लांब ओटा बांधून घेतला. दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढा. दोन स्टुलं. एकावर ते बसायचे. दुसऱ्यावर मी कधी बसले तर काही बोलायचे नाहीत, पण थोड्या वेळाने काहीतरी काम सांगून मला उठवायचे.

बाय आली नाही. तिचं पत्र आलं, की इथेच नोकरी मिळाली आहे. त्याच पत्रात तिने आणखी एक लिहिलं होतं. तिने गणित करून बघितलं होतं, साध्या पाण्यात तेऱ्याच्या सुया तुम्ही म्हणता तशा उबेकडे येणारच नाहीत, कायम गारव्याकडेच जातील, तेव्हा बाबा, तुम्ही त्यासाठी वर्षं घालवू नका. बिचारीने वडलांच्या काळजीने लिहिलं असेल. मास्तरांनी दोन्ही गोष्टी एकच म्हणून वाचल्या. त्यांनी तिला फोन केला आणि म्हणाले, तेऱ्याच्या सुया उबेकडे आल्या की मी फोन करीन, तोवर तूही करू नकोस. ती त्यांचीच मुलगी. तिने केला नाही. मी राहायला गेले तेव्हा या गोष्टीला सहा वर्षं झाली होती.

हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, एका दुपारी तांब्याची नळी पुसता पुसता, वीज किती वाजता गेली हे सांगावं तशा आवाजात. मला राग लवकर येतो. मी म्हटलं, मास्तर, हा काय पोरखेळ आहे? आणि सुया नाहीच आल्या तर? येतील, म्हणाले. आणि त्याआधी तुम्हीच गेलात तर? त्यांनी नळी उजेडाकडे धरून आरपार बघितली. "मग तिला कळेल की आल्या नाहीत."

त्यानंतर तापमान सांगताना माझा आवाज पूर्वीसारखा राहिला नाही. घरात दुसरं काहीच चाललेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. तेरं, बंब, बर्फ, पावसाच्या बाटल्या, सगळं त्या एका फोनसाठी होतं. त्यांना तो करायचा होता आणि शब्द मोडायचा नव्हता. मीही मग मनातल्या मनात सुयांना सांगायला लागले, बायांनो, या गं एकदा इकडे.

तिसऱ्या वर्षी दिवाळीला माझी ड्युटी लागली, म्हणून मी माणगावला गेले नाही. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बंब घासून, पाणी भरून ठेवतात. मास्तर परसात बंब घासायला बसले होते, पण कमरेने त्यांना उठू देईना. मी त्यांना बाजूला केलं आणि स्वतः बसले. चिंच, राख आणि काथ्या. बंब असा लखलखला की मला माझं तोंड दिसायला लागलं. तिथेच कट्ट्यावर प्रयोगाच्या दोन काचा पडल्या होत्या, मास्तरांच्या तेलकट बोटांचे ठसे उमटलेल्या. नुसत्या पाण्याने काय निघणार तेल? मी त्या घमेल्यातल्या चिंचेच्या पाण्यात मस्त चोळल्या, वरून पावसाच्या पाण्याचा एक हात फिरवला आणि आत नेऊन ठेवल्या. एकच हात. इतक्या लख्ख काचा त्या घराने कधी पाहिल्या नसतील, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नानं झाली. दारात पायाच्या अंगठ्याने कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावायची रीत आहे. मास्तरांनी कारीट लावलं आणि लगेच तेरंही लावलं. सणाच्या दिवशी तरी जिभेला सुट्टी द्या, मी म्हटलं. आठ वाजता त्यांनी थेंब सोडला.

बारा वाजता त्यांची हाक आली. मी दवाखान्यातून मधल्या वेळेत जेवायला आले होते. "अगो, इकडे ये. बघ आणि बोलू नकोस."

मी डोळा लावला. सुया उबेकडे होत्या. एक-दोन नाही, गर्दीच्या गर्दी, आणि सगळ्यांची टोकं बंबाच्या नळीकडे. त्यांनी मला मोजायला लावलं, मग परत मोजायला लावलं, मग तिसऱ्यांदा. सत्तावीस उबेकडे, चार गारव्याकडे. तिन्ही वेळा तेच. मास्तर खाली बसले. बसले ते दुसऱ्या स्टुलावर.  मग म्हणाले, तुझा फोन दे.

आणि फोन काढायला मी वळले, तर खिडकीत मला एक करवंटी दिसली. कालच्या चिंचेचा चोथा होता तिच्यात, वाळलेला.  क्षणात सगळं कळलं मला. काचेला आंबट लागलं होतं. सुया आल्या नव्हत्या, मी आणल्या होत्या. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही. तोंड उघडलं असतं तर नोंद रद्द झाली असती आणि फोन आणखी किती वर्षं पुढे गेला असता देव जाणे. त्यांचं वय काय कमी होतं? मी तोंड उघडलं नाही. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी मला नंबर सांगितला, परदेशाच्या आकड्यांपासून शेवटपर्यंत, कुठेही न अडखळता. आठ वर्षांत एकदाही न लावलेला नंबर.

तिकडे नुकतं उजाडलं होतं. पडद्यावर एक लांबट चेहरा आला, अगदी मास्तरांचा, फक्त झोपेतला. मागे खिडकी आणि पानं झडलेलं झाड. "बाबा?" ती म्हणाली.

कशी आहेस नाही, काही नाही. मास्तर म्हणाले, "आल्या."

 मग तिने विचारायला सुरुवात केली, आणि मला कळलं की ही खरोखरच त्यांची मुलगी. पाणी कुठलं? श्रावणातलं. बर्फ? बंदरावरचा. कडेचं तापमान? त्यांनी सांगितलं. काचा नव्या का? जुन्याच. ती थांबली. वर बघून तिने काहीतरी आठवल्यासारखं केलं.

"बाबा, आज नरकचतुर्दशी ना?"

"हो."

"मग काल बंब घासला असेल. चिंचेने." तिचा आवाज अगदी हळू झाला. "कोणी घासला?"

मास्तर माझ्याकडे वळले. नुसती मान नाही, सगळं अंग वळवून. त्यांच्याकडे बघून खोटं बोलणं मला या जन्मी जमलं नसतं. मी म्हटलं, मी घासला, आणि काचाही त्याच पाण्यात धुतल्या.  एवढी शरम मला कधी वाटली नव्हती, रक्ताच्या दोन काचा अदलाबदल झाल्या होत्या तेव्हासुद्धा नाही.

मास्तर ओरडले नाहीत. त्यांनी वही ओढली, आडवी रेघ मारली आणि फोनकडे बघून म्हणाले, "नोंद रद्द." मग फोन माझ्यापुढे धरला. बंद कुठे करायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"बाबा, ठेवू नका," बाय म्हणाली. "काचा धुवा. पावसाच्या पाण्याने, तीनदा. परत लावा. मी थांबते."

"चार तास लागतात."

"मला माहीत आहे किती लागतात. मी थांबते."

मी दवाखान्यात फोन करून अर्ध्या दिवसाची रजा मागितली. काचा मास्तरांनी स्वतः धुतल्या. माझ्याकडे बघितलंही नाही, आणि तेच बरोबर होतं. मी आपणहून बंबाच्या धगीपुढे जाऊन बसले आणि चार तास नारळाची सोडणं सारत राहिले, धुराने डोळे चुरचुरेपर्यंत. माझा फोन श्रावणाच्या बाटलीला टेकवून ओट्यावर ठेवलेला, चार्जरची वायर लावलेली, दुसऱ्या स्टुलासमोर. परसातून मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. फार बोललेच नाहीत ते. एकदा तिने विचारलं, तेरं अजून तिथेच येतं का, पागोळीखाली? येतं, म्हणाले. तुम्ही अजून जिभेला लावता? लावतो.  तिकडे तिने चहा केला असावा, कपाचा आवाज आला. एकदा तिने विचारलं, ही कोण मुलगी? मी कान टवकारले. आता भाडेकरू म्हणतील, नाहीतर मीठ म्हणतील. मास्तर म्हणाले, "ही बघते." धूर फार होता बंबाचा, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

साडेचारला त्यांनी मोजलं. ते मोजायचे ते कायम तोंडाने, पुटपुटत. मला बोलावून मोजायला लावलं. एकोणतीस गारव्याकडे, दोन उबेकडे. सगळं पूर्वीसारखं.

"गारव्याकडेच गेल्या," ते फोनला म्हणाले. "तुझं गणित बरोबर आहे."

"मला माहीत होतं, बाबा."

"माहीत होतं तर चार तास कशाला थांबलीस?"

तिकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तुम्ही मोजताना ऐकायचं होतं."

मास्तरांनी चष्मा काढला, पंचाच्या टोकाने पुसला आणि परत घातला. मग घसा साफ करून म्हणाले, उद्या परत लावणार आहे, आठ वाजता. ती म्हणाली, आठला माझ्याकडे पहाटेचे साडेतीन असतात. मास्तर म्हणाले, "मग अकराला लावतो." तीन वर्षं माझ्या आंघोळीसाठी हा माणूस पाच मिनिटं मागे-पुढे सरकला नव्हता!

दोघांनी एकमेकांची माफी मागितलेली मी तरी ऐकली नाही. पण पुढे दर रविवारी अकराला फोन श्रावणाच्या बाटलीला टेकलेला असायचा, आणि रोजचा प्रयोगही फक्त रविवारवर आला. त्यामुळे इतर दिवशी मला कढत पाणी मिळायला लागलं. मास्तरांनी मला तापमान विचारायचं बंद केलं. समासातला आकडा आता ते तिलाच विचारून लिहायचे. खरं सांगते, मला त्याचं थोडं वाईटही वाटलं.

मग माझी तळा गावच्या दवाखान्यात बदली झाली. निघताना त्यांनी मला श्रावणाची एक बाटली दिली. कधीतरी लागेल, म्हणाले. ती अजून माझ्या कपाटात आहे. बायने येत्या दिवाळीचं तिकीट काढलं होतं. मास्तरांनी तिच्यासाठी ओट्याला चुना काढला आणि बंदरावर जाऊन कोळणीला सांगून आले, की दिवाळीत बर्फ दुप्पट लागेल. पण मास्तर श्रावणातच, एका दुपारी, बसल्या जागी गेले. कोळणीने मला फोन करून सांगितलं. "मास्तर गेलं गो," एवढंच म्हणाली.

मी पोचले तेव्हा बाय आदल्या दिवशीच आलेली होती. पडद्यावर पाहिली होती त्यापेक्षा उंच, मानेत किंचित वाकलेली. मला बघून तिने नाव विचारलं नाही. "तू बघतेस ती," म्हणाली. आम्ही ओट्यापाशी शेजारी शेजारी बसलो. शेवटची वही तिथेच होती. त्यात नवीन काही नव्हतं, गारव्याकडे, गारव्याकडे, आणि समासात तिच्या गावाचं तापमान. ती पानं उलटत राहिली.  मी म्हटलं, तुम्ही यायच्या म्हणून त्यांनी चुना काढला होता. ती म्हणाली, "हाताला लागला माझ्या."

मग ती उठून परसात गेली. पाऊस थांबला होता, पागोळी अजून ठिबकत होती, आणि तिच्याखाली तेरं माजलं होतं. तिने वाकून एक देठ मोडला आणि मी नको नको म्हणेपर्यंत रस जिभेच्या टोकाला लावला. मी धावत आत गेले. खुंटीवर मास्तरांचा सदरा तसाच होता. जांभळ्या डागाच्या खिशात हात घातला, तर एक आमसूल सापडलं. ते मी तिच्यापुढे धरलं. तिने हातानेच नको म्हटलं.

तिचं नाक लाल झालं होतं आणि डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं. "खाज चांगली आहे," ती म्हणाली, अगदी त्यांच्या आवाजात. मग पदर नव्हता म्हणून बाहीने तोंड पुसत म्हणाली, "तेऱ्याने येतं गं डोळ्यांना पाणी."

मी हो हो म्हटलं. आमसूल मुठीत धरून मीही तिथेच उभी होते, आणि माझ्याही डोळ्यांतून धार लागली होती. मी तर तेरं चाखलंही नव्हतं.